उजवं पेडल

बायकोला हे माहीत नाही. मुलीला माहीत नाही. आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं, त्या माझ्या ताईला तर नाहीच. घरात कुणाजवळ बोललो असतो तर काय झालं असतं ते मला पक्कं ठाऊक आहे — "जाऊ द्या हो, तुमचा काय दोष त्यात," असं म्हणून चहा पुढे केला असता. ते मला नको होतं. म्हणून तुमच्याशी बोलतोय.

कुठून सुरू करू? ताईपासूनच करावं लागेल.

सुलभाताई माझी मोठी बहीण. आम्ही मूळचे कळवणकडचे. वडील लवकर गेले. ताई शिकून नाशकात नोकरीला लागली आणि मला दप्तरासकट घेऊन आली. मला तिनंच वाढवलं. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे मी तिला कधी विचारलं नाही, कारण उत्तर ऐकायची मला भीती होती. पाटबंधाऱ्याच्या कचेरीत ती ड्राफ्ट्समन होती. सगळी नोकरी तिनं ट्रेसिंग पेपरवर धरणं काढली, कालवे काढले, कालव्यातून फुटणाऱ्या चाऱ्या काढल्या. सगळं वरून पाहिल्यासारखं — नकाशा तसाच काढतात ना? पण ती स्वतः कधी वर गेली नव्हती. विमानात बसणं राहूनच गेलं होतं.

निवृत्त झाल्यावर तिनं गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये, आतल्या खोलीत, विमान बसवलं.

म्हणजे सिम्युलेटर. घरच्या कॉम्प्युटरवर विमान उडवायचा प्रोग्राम. पण ताईनं काही अर्धवट कधी केलेलं नाही. भिंतभर स्क्रीन, टेबलाला घट्ट बसवलेलं विमानाचं हँडल, आणि खाली पायाशी दोन पेडल. माझं नाशकातच द्वारका चौकाजवळ दुरुस्तीचं दुकान आहे — पूर्वी टीव्ही, आता जास्त करून कॅमेरे आणि इन्व्हर्टर. तेव्हा हे सगळं जोडून द्यायचं काम माझ्याकडेच आलं. मला वाटलं, म्हातारपणीची हौस. चार दिवस खेळेल.

पहिल्यांदा तिला उडताना पाहिलं ती दुपार मला अजून आठवते. ओझरच्या धावपट्टीवरून तिनं ते एका पंख्याचं छोटं विमान उचललं, शहरावरून वळवलं, आणि समोर गंगापूर धरण आलं. खरंच आलं. उपग्रहानं काढलेल्या फोटोंवरून जमीन बनवलेली असते, त्यामुळे पाण्याचा तो हात पसरल्यासारखा आकार, काठची शेतं, सगळं जसंच्या तसं. ताईनं एका हातानं हँडल धरलं आणि दुसऱ्या हाताचं बोट स्क्रीनवर ठेवलं. धरणाखालून निघालेल्या एका बारीक रेषेवर.

"हा कालवा मी काढलाय, दिनू," ती म्हणाली. "इथे असा कोपरात वळवलाय. कागदावर वळवताना वाटायचं, जमिनीवर खरंच वळत असेल का. वळतोय बघ."

ती ओरडली नाही, हसली नाही. देवळात उभं राहिल्यासारखी बघत होती. मी तिच्या खुर्चीमागे उभा होतो. मला वाटायचं मी माझ्या बहिणीला ओळखतो. इतकी वर्षं ती टेबलावर वाकून काय बघत होती, हे मला त्या दिवशी कळलं.

मग मी दर आठवड्याला जायला लागलो. दुपारी दुकान कामाच्या माणसावर टाकून. ती उडायची, मी बाजूला स्टुलावर. एकदा तिनं विमान उत्तरेला नेलं, सप्तशृंगीचा डोंगर डावीकडे ठेवून, आणि कळवणच्या पुढे एका ओढ्यावर घिरटी घातली. खाली चौकोनी शेतांचा पट्टा, दहा-बारा पत्रे चमकणारे. तिचा आवाज एकदम आईसारखा झाला. "हाई आपलं गाव शे," ती म्हणाली. आई गेल्यापासून ती बोली मी तिच्या तोंडून ऐकली नव्हती.

हे सगळं का सांगतोय? मूळ गोष्ट टाळतोय म्हणून — तेही आहेच. पण तुम्हाला हे कळायला हवं की ती खोली तिच्यासाठी काय होती. आणि माझ्यासाठी काय झाली होती.

गणपतीच्या आसपास तिचा फोन आला. "दिनू, पेडलचं काहीतरी बिघडलंय. विमान धावपट्टीवर सरळ राहत नाही. डावीकडे पळतंय."

इथे एक गोष्ट सांगतो. विमान जमिनीवर असतं तेव्हा हँडल फिरवून वळत नाही. नवा माणूस गाडीसारखं हँडल फिरवत बसतो — मीही बसलो होतो — आणि विमान आपलं सरळ गवतात जातं. जमिनीवर विमान पायांनी वळतं. डावं पेडल दाबलं की डावीकडे, उजवं दाबलं की उजवीकडे. आणि पुढे एकच पंखा असलेलं विमान उडायला धावू लागलं की पंख्याच्या जोरानं ते मुळातच डावीकडे ओढतं. खऱ्या विमानातही ओढतं. प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी ती ओढसुद्धा तंतोतंत उतरवली आहे, याचं मला पहिल्यापासून नवल वाटत आलंय. तेव्हा धावताना उजवा पाय दाबून धरावाच लागतो. ताईला ते माझ्याआधी माहीत होतं. ती इतके महिने ते करत होती.

मी गेलो. आधी वायर बघितली. पेडलची यूएसबी मधल्या डब्यातून काढून थेट कॉम्प्युटरला लावली. नाही. मग सेटिंग तपासली तर ताईनं हौसेनं आणलेली एक जॉयस्टिकही जोडलेली होती आणि तिचा पिळायचा दांडाही त्याच कामावर लावलेला होता — म्हणजे विमानाला एकाच वेळी दोघं जण वळायला सांगत होते. ते काढलं. थोडा फरक पडला. ताई खूश झाली. दोन दिवसांनी पुन्हा फोन. वाऱ्याचं सेटिंग शून्य केलं. पेडल उचलून उलटं केलं, आतली धूळ फुंकली, सेन्सरवर स्प्रे मारला. स्प्रिंगा बघितल्या, दोन्ही सारख्या. विमान डावीकडेच जात होतं.

मला त्या कामाची गोडी लागली होती, खरं सांगतो. अशी गोष्ट सापडत नाही तेव्हा दुरुस्ती करणाऱ्याला झोप येत नाही.

मग मी ती खिडकी उघडली जिथे पेडलची हालचाल नुसती पट्टी म्हणून दिसते. आडवी पट्टी, मध्ये खूण. डावं दाबलं की पट्टी डावीकडे भरत जाते, उजवं दाबलं की उजवीकडे. ताई पाणी आणायला स्वयंपाकघरात गेली होती. मी खाली बसून हातानं पेडल ढकललं. डावीकडे पट्टी टोकापर्यंत. उजवीकडे टोकापर्यंत. मग खुर्चीत बसून पायानं दाबलं. टोकापर्यंत, दोन्हीकडे. पेडल ठणठणीत होतं.

ताई आली. मी उठलो, म्हटलं, "बस. डावं पूर्ण दाब." पट्टी टोकाला गेली. "आता उजवं."

पट्टी उजवीकडे गेली आणि टोकाच्या बऱ्याच अलीकडे थांबली. थांबून थरथरू लागली.

"पूर्ण दाब ना," मी म्हणालो.

"दाबलंय की पूर्ण."

ती खोटं बोलत नव्हती. तिनं जोर लावला होता, तिच्या मानेवरची शीर मला दिसत होती. तिच्या मते पाय शेवटपर्यंत गेला होता. आणि समोर ती निळी पट्टी, तिच्या पायाच्या तालावर, बारीक बारीक थरथरत होती.

त्या क्षणाचं काय वर्णन करू? मी दचकलो, पण त्याआधी — त्याआधी मी थक्क झालो. माझ्या बहिणीच्या शरीराच्या आत कुठेतरी काहीतरी घडत होतं, तिला स्वतःला माहीत नव्हतं, कुठल्या डॉक्टरला माहीत नव्हतं, आणि ते मला पडद्यावर दिसत होतं. घरच्या खोलीत, दुपारच्या उन्हात. माणसाचा पाय मेंदूचं ऐकतो ही गोष्ट आपण किती गृहीत धरतो. त्या निरोपाच्या वाटेत काहीतरी आडवं आलं होतं, आणि ते किती आडवं आलंय तेही दिसत होतं. मी पट्टीकडे बघत राहिलो.

"काय झालं रे?" ताईनं विचारलं. "सापडलं का?"

सापडलं होतं. एक वाक्य होतं — ताई, पेडल नाही, पाय. एवढंच बोलायचं होतं.

मी म्हणालो, "कॅलिब्रेशन गेलंय."

आता मी काय केलं ते सांगतो. कॅलिब्रेशन म्हणजे कॉम्प्युटरला पेडलची ओळख करून देणं. प्रोग्राम सांगतो — एक बाजू शेवटपर्यंत दाबा, दुसरी शेवटपर्यंत दाबा. तुम्ही जिथवर दाबाल ते तो लक्षात ठेवतो आणि त्यालाच पूर्ण समजतो. ते मी स्वतःच्या पायानं केलं असतं तर काहीच बदललं नसतं. मी ताईला म्हणालो, तूच कर. डावं दाब. उजवं दाब. पट्टी थरथरत थांबली तिथे मी बटण दाबलं. म्हणजे मी कॉम्प्युटरला सांगितलं — उजवीकडे एवढंच असतं. यापुढे काही नसतं.

ताईनं विमान धावपट्टीवर आणलं. सरळ धावलं. रेषेत उचललं. तिनं मागे वळून माझ्याकडे असं पाहिलं, जसं लहानपणी शाळेत माझा नंबर आल्यावरही कधी पाहिलं नव्हतं. "जादू आहे बाबा तुझ्या हातात," ती म्हणाली. मी ते कौतुक घेतलं. घरी येताना रस्ताभर घेत होतो.

का गप्प बसलो? तुम्ही विचारणार नाही, पण मी स्वतःला विचारलंय. माझ्या मुलीचं, श्वेताचं, लग्न ठरत होतं. सगळं ताईच्या हातात होतं. मुलाकडच्यांशी बोलणं, हॉल, साड्या, कुणाला आधी बोलवायचं, कुणाला नंतर. मी कधी कुठली जबाबदारी उचललीच नव्हती, ताई होती ना. आता ती दवाखान्याच्या फेऱ्यांत अडकली तर? हा विचार माझ्या मनात आला होता, त्याच खोलीत, पट्टी थरथरत असताना. नंतर सुचलेलं नाही हे. तेव्हाच आला होता. मी मनाशी म्हटलं, वय झालंय, थोडा अशक्तपणा असेल, लग्न झालं की बघू. आणि ते म्हणताना मला माहीत होतं की हा अशक्तपणा नाही. अशक्तपणा दोन्ही पायांना येतो.

दिवाळी झाल्यावर विमान पुन्हा डावीकडे पळायला लागलं.

मी पुन्हा गेलो. यावेळी काही शोधायचं नव्हतं. खिडकी उघडली, तिला दाबायला लावलं. पट्टी निम्म्यावरच अडली. मी पाहिलं. ताई नेहमीसारखी बोलत होती, हॉलवाल्याशी काय बोलणं झालं ते सांगत होती, आणि तिचा पाय खाली जोर लावत होता. मी निम्म्याला पूर्ण म्हटलं. बटण दाबलं.

पहिल्यांदा एखादा माणूस गोंधळला असं म्हणता येईल. दुसऱ्यांदा?

त्यानंतरही तिनं जे उडवलं ते मी विसरणार नाही. थंडीत एके दिवशी तिनं प्रोग्राममध्ये खराब हवा लावली, आडवा वारा. असा वारा असला की विमान तिरकं धरून उतरवावं लागतं, आणि अगदी शेवटच्या क्षणी पायानं नाक सरळ करायचं असतं. ओझरची पट्टी समोर, विमान खेकड्यासारखं आडवं सरकतंय, आणि ताईचं तोंड शांत. शेवटच्या क्षणी नाक फिरलं, चाकं टेकली, रेष मधोमध. ते उतरवणारा पाय निम्मा होता. निम्म्या पायानं तिनं हे केलं, आणि तिला माहीत नव्हतं की तो निम्मा आहे. मला माहीत होतं. त्या खोलीत आम्ही दोघं होतो आणि तिच्या पायाबद्दल तिच्यापेक्षा मला जास्त कळत होतं — यापेक्षा भयंकर गोष्ट मी आयुष्यात केलेली नाही, आणि मी तिथे बसून टाळ्या वाजवल्या.

लग्न छान झालं. सगळे म्हणाले, छान झालं. त्रिशरण सुरू झालं तेव्हा सगळा हॉल उभा राहिला, ताई पहिल्या रांगेत हात जोडून. मी स्टेजवरून पाहत होतो. तिचा सगळा भार डाव्या पायावर होता. मध्येच तिनं एक हात सोडून शेजारच्या खुर्चीची पाठ धरली, आणि पुन्हा हात जोडले. श्वेता निघाली तेव्हा ताईनं तिला जवळ घेतलं आणि दोघी रडल्या. सगळ्यांना वाटलं ताई गाडीला टेकून उभी आहे ती रडण्यामुळे.

त्यानंतर काही दिवसांत ती स्वतःच्या जिन्यात पडली. उजव्या पायातली चप्पल मागच्या मागे निसटली आणि पाय उचललाच गेला नाही.

तपासण्या झाल्या. छातीच्या मागे, मणक्यात, मज्जारज्जूला चिकटून एक गाठ होती. साधी. कॅन्सरची नाही. हळूहळू वाढणारी. डॉक्टरांनी ताईला समोर बसवून विचारलं, "हे कधीपासून जाणवतंय?"

"लग्नाच्या धावपळीत पाय जड व्हायला लागला," ताई म्हणाली. "महिना झाला असेल."

"त्याआधी काहीच नाही? आठवून बघा. चालताना, जिना चढताना?"

ताईनं खरंच आठवून पाहिलं. "नाही हो. मला काहीच कळलं नाही."

मी शेजारच्या खुर्चीवर होतो. डॉक्टरांनी माझ्याकडेही पाहिलं, घरच्या माणसाकडे पाहतात तसं. मला कधीपासून, किती, कुठपर्यंत, सगळं माहीत होतं. पहिल्यांदा पट्टी कुठे थांबली आणि दुसऱ्यांदा कुठे. बोलायला अजून वेळ होता. मी मान हलवली — नाही.

ऑपरेशन झालं. गाठ सगळी निघाली. डॉक्टर बाहेर आले, मला बाजूला घेऊन म्हणाले, "गाठ साधी होती, पण फार दिवस दाबून बसली होती. अशी लवकर हाताला लागली की पाय बहुतेक पूर्ण परत येतो. आता किती येतो ते बघू."

आला थोडा. आणि इथे मला पुन्हा ताईबद्दल सांगायचंय, कारण माझ्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच आहे. तिनं पायाचा व्यायाम कशावर केला असेल? त्याच पेडलवर. रोज सकाळी खुर्चीत बसायची, स्क्रीनवर विमान नाही, काही नाही, आणि उजवं पेडल दाबायची. घामानं ब्लाउज भिजायचा. पायाला काही जाणवत नसताना पायाला सांगत राहायचं — जा, पुढे जा. मी बघायचो. काय असतं माणसात? कुठून येतं ते? त्या मेलेल्या वाटेवर ती रोज एक एक निरोप पाठवत होती, आणि एके दिवशी पेडल हललं. तिनं माझा हात धरला.

पण एका ठिकाणी येऊन ते थांबलं. पुढे गेलं नाही. आज ती काठी घेऊन चालते, उजव्या पायाला पट्टा बांधावा लागतो.

व्यायाम शिकवायला एक मुलगी घरी यायची. गोड पोरगी. एकदा ताई तिला म्हणाली, बस, तुलाही उडवायला शिकवते. पोरगी बसली. ताईनं समजावलं, उजवं पेडल जरा दाबून धर, विमान डावीकडे ओढतं. तिनं जरासं दाबलं आणि विमान गर्रकन उजवीकडे फिरून गवतात गेलं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. पोरगी हसायला लागली. ताई हसली नाही. ड्राफ्ट्समनची नजर तिची. ती स्क्रीनकडे बघत राहिली, मग माझ्याकडे वळली.

"हे उजवीकडे इतकं हळवं कसं, दिनू?"

ती विचारत होती. सरळ विचारत होती. संशयानं नाही — तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, आणि तिचा समज होता की मला माहीत असणार. मला माहीत होतंच. त्या क्षणी सांगायला काय लागलं असतं? पाय तर गेला होता. लग्न होऊन गेलं होतं. आता वाचवण्यासारखं माझ्याकडे काय होतं? मी. फक्त मीच उरलो होतो वाचवायला.

"स्प्रिंग ढिली झाली असेल उजवीकडची," मी म्हणालो. "बघतो."

"बघ हं," ती म्हणाली. आणि तिनं ते खरं मानलं. माझ्या हातात जादू आहे ना. पोरगी गेल्यावर मी ताईच्या देखत पेडल उलटं केलं, स्क्रू काढले, स्प्रिंग काढून पुन्हा बसवली, आणि मग माझ्या पायानं कॅलिब्रेशन केलं, टोकापर्यंत. ती चहा घेत बघत होती.

आता ती जॉयस्टिकनं उडवते. पायाचं काम मनगटाकडे दिलंय, दांडा पिळून. सगळं नव्यानं शिकली, साठी उलटल्यावर. आडव्या वाऱ्यात उतरवते. परवा तिच्या कॉलनीतल्या बायका बघायला आल्या होत्या. तिनं त्यांना वर नेलं, जिला तिला आपापली गल्ली दाखवली, मग नदीच्या वरून, डोंगराच्या कडेनं, ढगांच्या पार. एक आजी स्क्रीनसमोर नकळत हात जोडून बसल्या होत्या. मी मागे उभा होतो. विमान टेकलं तेव्हा धक्कासुद्धा बसला नाही.

मग चहाच्या वेळी त्यातली एक म्हणाली, हल्ली माझा गुडघा जरा साथ देत नाही. ताईनं कप खाली ठेवला.

"लगेच दाखव," ती म्हणाली. "आजच. माझ्यासारखा आळस करू नकोस. शरीर सांगत असतं गं. माझंही सांगत असणार, मीच लक्ष दिलं नाही. आता कुणाला बोलायचं? माझंच चुकलं."

हे ती सगळ्यांना सांगते. श्वेताला सांगितलंय, डॉक्टरांना सांगितलंय, एकटी असताना स्वतःलाही सांगत असेल. बायकांनी माना डोलावल्या. एकीनं तिच्या हातावर हात ठेवला. कुणीतरी माझ्याकडे कप दिला.

तिच्या शरीरानं सांगितलं होतं. ते माझ्यासमोर सांगितलं होतं, भर दुपारी, स्पष्ट. मी कप घेतला, साखर पुरेशी आहे का असं कुणीतरी विचारलं, आणि मी हो म्हणालो.